कुठे चावतं ते सांगणारी बाई

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात जेवढे नवे बूट घातले तेवढे एखाद्या महाराणीनेही घातले नसतील, आणि त्यांतला एकही जोड त्यांच्या मालकीचा नव्हता. त्या बुटांच्या कारखान्यात नोकरीला होत्या. शिवायला नाही, विकायलाही नाही. घालून चालायला. ऐकणाऱ्याला आधी ही थट्टाच वाटते. लग्न ठरताना मी नवऱ्याला विचारलं होतं, "तुझी आई काय करते?" तर म्हणाला, "चालते." मी म्हटलं, "चालतात तर सगळेच." तर म्हणाला, "ती पगार घेऊन चालते."

काम असं होतं. कारखान्यात नवा बूट काढायचा ठरला की आधी त्याचा एकच जोड शिवत. बायकांचा नमुना नेहमी सहा नंबरचा असे, आणि सासूबाईंचा पाय बरोब्बर सहा नंबरचा, डावा-उजवा अगदी सारखा. असे पाय फार थोड्यांना मिळतात, हे मला त्यांनीच सांगितलं आणि नंतर वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, 'सहा नंबरच्या बाई' म्हणत. सकाळी नवा जोड पायात चढवायचा आणि दिवसभर चालायचं. लांबलचक गॅलरी, मग जिने, मग धुण्याच्या खोलीतली ओली फरशी, मग मागच्या अंगणातली खडी. संध्याकाळी कापणाऱ्या मास्तरांसमोर स्टुलावर बसायचं आणि बूट कुठे चावतो ते सांगायचं.

ह्या सांगण्यातच सगळी मेख होती. नवीन लागलेली मुलगी पहिल्याच संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून यायची आणि सगळीकडेच चावतो म्हणायची. आता चामडं नवं, शिलाई ताठ, पहिल्या दिवशी कुठलाही बूट चावणारच. तेवढ्यावरून मास्तरांनी नमुना मोडीत काढला तर चांगला बूट हकनाक जायचा. म्हणून जुन्या बायकांचा नियम होता की पहिले दोन दिवस तोंड उघडायचं नाही. तिसऱ्या दिवशीही चावलं तरच तो बुटाचा दोष, तोवर आपल्या पायाचा. सासूबाईंनी हा नियम कधी मोडला नाही. टाचेचं सालडं निघालं तरी त्या हसत जिना चढल्या. मास्तर म्हणत, "सहा नंबरनं तोंड उघडलं की बूट बाद." हे वाक्य सासूबाई आम्हाला अशा तोऱ्यात ऐकवत की पदक मिळवलेल्या माणसाने त्यांच्याकडून तोरा शिकावा.

त्यामुळे पाठ दुखते हे त्यांनी घरात सांगितलंच नाही, ह्यात नवल ते काय! मीच एकदा त्यांना कपाटाला धरून मोजे चढवताना पाहिलं. मग तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला, हाडांच्या मगजातून सुरू होणारा. म्हातारपणीच जास्त होतो म्हणे. पहिली औषधं लागू पडली, दोनेक वर्षं बरी गेली, आणि मग आजार किती आहे ते दाखवणारा रक्तातला तो मेला आकडा पुन्हा वर चढायला लागला. सासूबाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगते. मी पोस्टात खिडकीवर बसते. दिवसभर लोकांशी डोकेफोड करून राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर मुक्कामालाच आहे. नवऱ्याचा धंदा गाडी शिकवण्याचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि स्वतःच्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवायचा. त्याला सवयच अशी जडली आहे की घरात कुणी काही नवं करायला निघालं की ह्याचा पाय आधी दाबला जातो. नणंदबाई दुसऱ्या शहरात असतात आणि काळजी फोनवरून करतात. तिघांचाही सासूबाईंवर जीव आहे. पुढची सगळी भानगड त्या जिवापायीच झाली.

आजार परत आल्यावर आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. सासूबाई मधल्या खुर्चीत, मी आणि नवरा दोन बाजूंना. डॉक्टर बोलत होते ते नवऱ्याशी. "आजींचं वय बघता," ते म्हणाले, "आपण जुनीच औषधं सौम्य करून चालू ठेवू. त्रास कमीत कमी व्हायला पाहिजे." नवरा माना डोलावत होता. सासूबाई एकदा ह्याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. बोलणं त्यांच्याच रक्ताबद्दल चाललं होतं, पण भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातलं भांडण ऐकावं तशा त्या ऐकत होत्या. बाहेर पडताना त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला, तोही डॉक्टरांनी नवऱ्याकडे बघूनच परत केला.

लिफ्टपाशी एक पत्रक चिकटवलेलं होतं. ह्याच आजारावर एक नवी गोळी आली आहे, तिची चाचणी चालू आहे, तयार असलेल्यांनी विचारावं. वय अठराच्या पुढे. मी परत वाचलं. अठराच्या पुढे कुठपर्यंत ते काही लिहिलेलं नव्हतं. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, लिफ्ट गेली. नवरा म्हणाला, "चल ना." मी म्हटलं, "तुम्ही दोघं बसा," आणि तशीच परत फिरले.

डॉक्टरांच्या दारात उभी राहून मी विचारलं, "आमच्या आईंना ह्या चाचणीबद्दल का नाही सांगितलंत?" त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "दर आठवड्याला यावं लागतं. सुया, तपासण्या, एवढ्या लांबून येणं-जाणं. शिवाय नवं औषध आहे, त्रास होऊ शकतो. ह्या वयाची माणसं सहसा नाहीच म्हणतात."

"तुम्ही विचारता आणि ते नाही म्हणतात, की विचारतच नाही?"

माझा आवाज जरा चढलाच होता. बाहेरच्या बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू? विचारणं कमीच होतं आमच्याकडून." एवढं सरळ कबूल केलं म्हणून माझा राग निम्म्याने उतरला. माणूस वाईट नव्हता. त्याने काळजीच केली होती. फक्त ज्या माणसाची काळजी करायची त्याला विचारायचं राहून गेलं होतं, आणि आमच्या घरी तरी काय वेगळं चाललं होतं?

घरी मी चाचणीचं सगळ्यांना सांगितलं, आणि रात्रीचं जेवण झाल्यावर टेबलाभोवती बैठक बसली. नणंदबाई फोनवर, फोन मीठदाणीला टेकवून उभा केलेला.

"ह्या वयात हे प्रयोग कशाला?" नवरा म्हणाला. "आई, तुला आता आराम पाहिजे. चार दिवस सुखाचे जाऊ देत."

"प्रयोग करायला आई काय उंदीर आहे का?" नणंदबाई फोनमधून कडाडल्या.

"उंदराला कुणी विचारतं का गं?" सासूबाई म्हणाल्या. "मला विचारतायत."

"अगं पण काही झालं तर?"

"काही नाही केलं तर काय होणार आहे ते ठाऊकच आहे की."

मग सासूबाईंनी कारखान्यातली एक गोष्ट सांगितली, आम्ही आधी कधी न ऐकलेली. हे आश्चर्यच, कारण मला वाटत होतं मला त्यांच्या सगळ्या गोष्टी पाठ आहेत. त्या पंचविशीत असताना कारखान्याने म्हाताऱ्या बायकांसाठी एक मऊ बूट काढला होता. नमुना घातला सासूबाईंनी. तीन दिवस चालल्या, कुठे म्हणजे कुठे चावला नाही. बूट पास. पहिल्या पगारातून घेतल्यासारख्या कौतुकाने त्यांनी तो स्वतःच्या आईला नेऊन दिला, आणि आठवड्याच्या आत आईच्या अंगठ्याजवळच्या हाडावर जखम. "म्हातारा पाय संध्याकाळी सुजतो," सासूबाई म्हणाल्या. "बोटं वाकडी झालेली असतात. माझ्या पंचविशीच्या पायाला ते कुठून कळणार? मी मास्तरांना सांगितलं, तेव्हापासून त्या बुटासाठी निवृत्त झालेल्या बायकांना बोलवायला लागले." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "ही गोळी कोण घेणार? माझ्यासारखी म्हातारी माणसं. मग आधी कुणी घेऊन बघायची? तू?"

नवऱ्याचे डोळे पाणावले. मलाही भरून आलं. ते बघून सासूबाई वैतागल्या.

"ए, उगाच मला थोर करू नका हं. मला जगायचंय म्हणून जाणारे मी. दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर तोही होऊ दे." त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "अजून मी हो म्हटलेलं नाही. मी जाऊन विचारून येणार आहे. मग हो म्हणेन नाहीतर नाही म्हणेन. तुम्ही दोघांनी माझ्या वतीने नाही म्हणायचं नाही, एवढंच माझं सांगणं आहे."

चाचणीचं काम बघणारी सिस्टर तळमजल्यावर, औषधांच्या कोठारालगतच्या खोलीत बसायची. तरुण, गोल चेहऱ्याची, पेन कानावर खोचलेलं. तिने पहिल्याच दिवशी स्वतःची खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली आणि सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. कुठलाही माणूस औषधावाचून राहणार नाही, तिने समजावलं. नेहमीचं औषध सगळ्यांना, आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला नवी गोळी. कुणाला काय ते काँप्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार. सासूबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. मध्येच सोडता येईल का? कधीही, आणि कारणही द्यावं लागणार नाही, सिस्टर म्हणाली. कुठे त्रास झाला तर सांगायचं कुणाला? मला, सिस्टर म्हणाली. सासूबाईंनी मान हलवली आणि सही केली. मी शेजारीच होते.

मग हृदय तपासलं, मूत्रपिंडं तपासली, आणि एकटीने चालता येतं का हे बघण्यासाठी त्यांना बाहेरच्या लांब गॅलरीत चालायला सांगितलं. अहो, चालायला! पदर खोचून, मान ताठ करून सासूबाई अशा निघाल्या की सिस्टरला त्यांच्यामागे धावावं लागलं. परत आल्यावर म्हणतात कशा, "फरशी चांगली आहे, पण त्या वळणावर जरा निसरडी आहे. बघा कुणाला तरी सांगून." छाती फुगणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

काँप्युटरने त्यांना नवी गोळी दिली, आठवड्यातून एकदा घ्यायची. दर मंगळवारी जायचं होतं. नवऱ्याने कुरकुरत का होईना मंगळवार सकाळची शिकवणी बंद केली. त्याच्या गाडीच्या टपावर शिकाऊ चालकाची पाटी असते. हॉस्पिटलच्या फाटकावरचा पहारेकरी दर खेपेला सासूबाईंना विचारायचा, "काय आजी, आली का गाडी चालवायला?" आणि त्या म्हणायच्या, "मला येते रे, ह्या शेजारच्याला भीती वाटते."

आकडा उतरायला लागला. दर खेपेला थोडा थोडा, पण उतरत होता. सिस्टर प्रत्येक मंगळवारी तेच प्रश्न विचारायची. मळमळ? काही नाही. जुलाब? काही नाही. हातापायांना मुंग्या, बधिरपणा? काही नाही. थकवा? "ह्या वयात थोडा असायचाच," आणि हसणं. नवरा परतताना गाडीत म्हणायचा, "आई, तू लोखंडाची आहेस." त्या खिडकीबाहेर बघायच्या.

घरी मात्र काही बारीकसारीक गोष्टी होत होत्या. त्या चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागल्या. जिना उतरताना आधी पायरीकडे बघायला लागल्या. एक बशी फुटली, दुसरी फुटली. म्हातारपण, दुसरं काय, असं मी धरून चालले होते. मग एका दुपारी त्या गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आल्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

"आई, दुसरी चप्पल कुठेय?"

"पायात आहे की."

मी बोटाने खाली दाखवलं. त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. उन्हाने गच्ची तापलेली होती, वर बारीक खडे होते, आणि बुटाच्या आत राहिलेला सुताचा एक तुकडा ज्या पायाला कळायचा त्या पायाला आपण अनवाणी आहोत हे कळलेलं नव्हतं. त्यांच्या हातातले कपडे मी काढून घेतले.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. आधी बोटांना मुंग्या यायच्या. मग हळूहळू..."

"अहो, ती सिस्टर दर आठवड्याला ढीगभर वेळा विचारते! आणि तुम्ही काही नाही म्हणता?"

"नवं आहे गं," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "नवं चावतंच आधी. म्हटलं, थोडं मऊ पडू दे." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि सांगितलं असतं तर मला काढून टाकलं असतं. म्हणाले असते, बघा, म्हातारीला झेपलं नाही. तुझा नवरा म्हणाला असता, मी सांगतच होतो."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात नवरा जेवायला घरी आला. सगळं ऐकलं आणि त्याने नेहमीसारखा ब्रेक दाबला. "बंद! आजपासून गोळी बंद! मी सांगतच होतो!" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, बघ म्हटलं नव्हतं का, अशा नजरेने.

"दोघंही गप्प बसा!" मी ओरडले. पोस्टातल्या रांगेवरसुद्धा मी एवढी कधी ओरडले नसेन. "तुम्ही परस्पर ठरवता सांगायचं नाही, आणि हा परस्पर ठरवतो बंद करायचं. त्या सिस्टरला काही बोलायला जागा ठेवाल की नाही?" आणि मी फोन लावला. सिस्टर म्हणाली, पुढची गोळी घेऊ नका आणि लगेच निघा.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं सासूबाईंना वाटलं असावं. तिने समोरचा काँप्युटर त्यांच्याकडे वळवला आणि एवढंच म्हणाली, "आजी, तुम्ही जे जे सांगितलंत ते मी पुढे पाठवत होते. तुमच्या वयाच्या बाईला एवढी मात्रा सोसते, काहीही त्रास होत नाही, असं."

सासूबाईंचा चेहरा पडला. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तो तसा पडलेला कधी पाहिला नव्हता. कर्करोग आहे असं सांगितलं तेव्हाही नाही.

"माझ्या वयाचे अजून किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"इथे तुम्ही एकट्याच. दुसऱ्या शहरांत आहेत थोडे. म्हाताऱ्यांना कुणी पाठवतच नाही हो आमच्याकडे, म्हणून तर तुमचं सांगणं एवढं मोलाचं."

"म्हणजे माझ्या शब्दावर दुसरी कुणी एवढीच गोळी घेईल."

"हो."

मग सासूबाई वाकल्या आणि स्वतःचे मोजे काढायला लागल्या. मी मदतीला वाकले तर माझा हात बाजूला केला. दोन्ही पाय त्यांनी समोरच्या स्टुलावर ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. उजव्या अंगठ्याच्या टोकाला पहिल्यांदा मुंग्या आल्या, सकाळी नाही, दुपारनंतर. मग शेजारची दोन बोटं. करंगळी अजून शाबूत. चवड्याखाली कापूस ठेवल्यासारखं लागतं, तो डाव्यापेक्षा उजव्याला जाड. गार फरशी कळते, गरम कळत नाही. टाच ठीक. हाताच्या बोटांना फक्त टोकाला, म्हणून बटणं लावताना वेळ लागतो. थकवा गोळीच्या दुसऱ्या दिवशी जास्त, चौथ्या दिवशी उतरतो. सिस्टर लिहीत होती. मध्येच तिने हात वर करून त्यांना थांबवलं, डॉक्टरांना फोन केला आणि म्हणाली, "हां, आता पुढे सांगा."

डॉक्टर खाली आले. ह्या वेळी त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. एक स्टूल ओढून सासूबाईंच्या पायांपाशी बसले, टाचणीने, कापसाने तपासत राहिले, आणि जे सांगायचं ते त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं. गोळी काही दिवस बंद. पायांना थोडी उसंत द्यायची, मग कमी मात्रेने पुन्हा सुरू करता येईल. गेलेली संवेदना सगळी परत येईलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

"मला काढून टाकणार नाही?"

"नाही आजी. त्रास झाला तर मात्रा कमी करायची, हे आधीपासूनच ठरलेलं असतं. फक्त आम्हाला ते कळायला हवं. आता तुम्ही सांगा. पुढे चालू ठेवायचं, की थांबायचं? दोन्ही चालेल."

नवऱ्याचं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर माझा पाय ठेवला आणि चांगला दाबला.

सासूबाईंनी घाई केली नाही. आपल्या पायांकडे बघितलं, बोटं हलवून बघितली. हलली. मग म्हणाल्या, "चालू ठेवायचं. पण आता मी तिसऱ्या दिवसाची वाट बघणार नाही. पहिल्या दिवशीच सांगेन, आणि सगळं सांगेन. मग म्हणू नका म्हातारी कटकट करते."

"करा कटकट," सिस्टर म्हणाली, आणि पेन कानावर खोचलं.

तिला बिचारीला कल्पना नव्हती. उभं आयुष्य तोंड मिटून चाललेल्या बाईने एकदा उघडलं की काय होतं ते आम्ही तेव्हापासून भोगतो आहोत. मंगळवार उजाडला की सासूबाई न्याहारीपासूनच उजळणी करायला लागतात. नवरा गाडीत म्हणतो, "आई, मला नको, सिस्टरला सांग." पण तिला सांगायच्या आधी त्याच्यावर तालीम होतेच. कमी मात्रेवरही आकडा खालीच राहिला. डावा पाय बराचसा परत आला. उजव्याची तीन बोटं नाही आली. त्याचं त्यांना वाईट वाटतं आणि तसं त्या स्पष्ट म्हणतात. एकदा मी त्यांना कॉटवर बसून ती बोटं नुसती चोळत बसलेलं पाहिलं आणि मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "तू कशाला रडतेस, बोटं माझी आहेत."

काही महिन्यांनी डॉक्टरांनी आम्हाला मुद्दाम बोलावून सांगितलं की पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना आता ही गोळी सुरुवातीपासूनच कमी मात्रेने द्यायची, असं सगळ्या शहरांसाठी ठरलं आहे. आजींनी आणि त्यांच्यासारख्या इतर थोड्या जणांनी जे सांगितलं त्यावरून. सासूबाई फक्त "बरं झालं" म्हणाल्या. पण मी काही तेवढ्यावर थांबणारी नाही. मी दुसऱ्या दिवशी पोस्टात खिडकी उघडायच्या आत सगळ्यांना सांगितलं, मग रांगेतल्या ओळखीच्यांना सांगितलं, आणि एका अनोळखी बाईलाही पाकिटावर शिक्का मारता मारता सांगितलं. मला माझ्या सासूचा अभिमान वाटतो. कुणाला ऐकायचं नसेल त्याने दुसऱ्या खिडकीवर जावं.

परवाच्या मंगळवारी आम्ही सिस्टरच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ, सासूबाईंच्याच वयाचे, टोपी मांडीवर घेऊन. त्यांच्या पलीकडे त्यांचा मुलगा, गुडघा सारखा हलवत. सासूबाईंची तालीम त्याने ऐकली असावी. तो वडिलांच्या पुढून वाकला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "काय हो, तुमच्या आईंना झेपतं का हे? आम्हाला पण विचारलंय. पण बाबांचं वय बघता..."

मी नवऱ्याकडे बघितलं. पाय उचलायची तयारी ठेवली होती. पण तो म्हणाला, "मला काय विचारता? आईला विचारा की."

मुलगा ओशाळला आणि सासूबाईंकडे वळला. "आजी, आमच्या बाबांना झेपेल का हो?"

"ते मला कसं कळणार?" सासूबाई म्हणाल्या. "बाबा इथेच बसलेत. त्यांना विचारलंत का?"

मुलाने वडिलांकडे बघितलं. त्या गृहस्थांनी मांडीवरची टोपी एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली.

"मला अजून कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

मुलाचा हलणारा गुडघा थांबला. गृहस्थ सरकून सासूबाईंच्या जरा जवळ आले आणि म्हणाले, "पायांचं काय म्हणत होतात मघाशी?" सासूबाईंनी तिथेच बाकावर बसल्या बसल्या मोजा काढला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. सिस्टरने दारातून आमचा नंबर पुकारला, तर त्यांनी हात दाखवून तिला थांबायला सांगितलं.